सावकाश होऊ द्या

भाचीच्या लग्नाला मामा विमानाने निघाला, ही बातमी सुरतेच्या कोसाड वसाहतीत पसरायला जेमतेम एक चहा लागला. मामा म्हणजे धुडकूआबा. खानदेशातून इथे आलेले, आयुष्य पॉवरलूमच्या खटखटाटात गेलेलं, त्यामुळे समोरच्याशीही ते पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलत.

विमान हौसेचं नव्हतं. सकाळी सुरत स्टेशनावर कळलं, पुढे कुठेतरी मालगाडी घसरली, मुंबईकडच्या गाड्या बंद. आणि लग्न त्याच संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर, अंधेरीला. बहीण तारा फोनवर रडकुंडीला आली. "भाऊ, हर्षदाले एकच मामा शे. तू तिना हात धरीसन आनशी, तव्हयच लगीन लागी." मग मुलगा कुंदन, जो कापड मार्केटात दलालांच्या मागे फिरून बऱ्यापैकी चतुर झाला होता, त्याने कुठून कुठून ओळखी काढून दुपारच्या विमानाची दोन तिकिटं मिळवली.

विमानतळ छोटासाच. मुंबईहून आलेलं विमान काचेबाहेर उभं होतं, पंखांवर दोन भिरभिरी घेऊन. अजून अवकाश होता. कुंदन म्हणाला, "आबा, सकाळपासून पोटात काही नाही. बसून जेवून घेऊ."

तिथल्या हॉटेलात गेल्यावर आबांनी आधी टेबलावरचं पांढरं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि हात मागे घेतला. असलं कापड ते जन्मभर विणत आले होते. त्यावर जेवतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पेल्यात रुमालाचं कमळ उमललं होतं. ते मोडायचं पाप नको, म्हणून त्यांनी स्वतःचा पंचा मांडीवर घेतला. वेटर वाकून "शुं लेशो, काका?" म्हणाला, तेव्हा आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याला नमस्कार केला. मग ताटं आली. चिनी मातीच्या त्या ताटात डाळभातसुद्धा कुणा पाहुण्याघरचा वाटत होता. आबा हळूच जेवले, चमचा वाजू नये म्हणून हाताने.

शेजारच्या टेबलावर निळा स्वेटर घातलेला एक माणूस जेवत होता. बाकी सगळी टेबलं रिकामी. म्हणजे आबांच्या हिशेबाने पंगत तिघांची. त्याच्याकडे वळून, पंगतीत म्हणायचं ते आबा म्हणाले, आपल्या नेहमीच्या आवाजात:

"सावकाश होऊ द्या!"

काचा तेवढ्या थरथरल्या नाहीत. त्या माणसाचा घास हातातच राहिला. मग तो हसला. "अहो, किती वर्षांनी ऐकलं हे! होऊ द्या, तुमचंही सावकाश होऊ द्या." आणि त्याने वेटरला आणखी भात आणायला सांगितला.

एवढ्यात कर्ण्यातून आवाज आला. मुंबईच्या प्रवाशांनी विमानाकडे चलावं. कुंदन ताडकन उठला. आबांचं जेवण झालं होतं, ताट लख्ख होतं, हात सुकला होता. पण आबा जागचे हलेनात.

"आबा, उठा! बोलावलं आपल्याला."

"तो माणूस जेवी ऱ्हायना ना."

"जेवू द्या की! तो आपला कोण?"

"कोनी बी असो. मीच त्याले सावकाश व्हऊ द्या म्हनेल शे. आते मीच उठी जाऊ?"

"ही पंगत नाही आबा, हॉटेल आहे. टेबलं वेगळी आहेत!"

"टेबल येगळं ऱ्हाई. जेवन एकच येळले चालू शे ना?"

"तिकडे हर्षदा मामाची वाट बघत उभी राहील, त्याचं काय?"

हा घाव मात्र बसला. आबांचा चेहरा उतरला. ते अर्धवट उठलेही. नेमका तेव्हाच त्या माणसाने भातावर दही घेतलं. आबा पुन्हा टेकले. "दहीभात उना. आते झायंच."

काचेबाहेर प्रवासी रांगेने विमानाकडे चालले होते. कुंदनने वेटरला गाठलं. "भाई, प्लेन जरा रोकावो ने! मारा बापा ऊठता नथी."

वेटर पेले पुसत होता. "रोकवानी जरूर ज नथी," तो म्हणाला आणि त्याने हनुवटीने शेजारचं टेबल दाखवलं. "साहेब तो जमे छे. एमना वगर उडाडशे कोण?" विमान उडवणारे साहेबच अजून जेवत होते.

त्या माणसाच्या बाजूच्या खुर्चीवर सोनेरी बिल्ल्याची टोपी ठेवलेली होती.

आबांनी टोपी पाहिली. मग बाहेरचं विमान पाहिलं. मग त्या माणसाची दह्याने माखलेली बोटं. या बोटांनी ते एवढं धूड उचलायचं? आबांची समजूत होती की विमानवाले वरतीच कुठेतरी राहत असावेत, आणि जेवत असले तरी निदान पापड मोडून तरी जेवत नसावेत. त्यांनी नकळत हात जोडले.

पायलटने शेवटचा घास घेतला आणि वर पाहिलं. "काका, तुमचं तर मघाशीच झालंय. माझ्यासाठी थांबलात?"

कुंदनने एका दमात सगळं सांगून टाकलं, मालगाडी, मामा, मुहूर्त.

"अहो, मग घाई करा म्हणायचं ना मला!"

"जेवनाऱ्याले कोनी घाई कर म्हनस का?" आबांनी विचारलं.

पायलटने ताट बाजूला सारलं. त्याने टोपी डोक्यावर घातली. "चला मामा. मुलगी खोळंबलीय." तो उठला, त्याच क्षणी आबाही उठले, आणि पंगत रीतसर मोडली.

विमान इतकं लहान की पुढे बसलेल्या पायलटचा खांदा आणि हात दिसत होते. जमीन सुटली. खाली तापी साडीच्या काठासारखी पसरली, हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या उदबत्त्यांएवढ्या झाल्या. लूमच्या शेड एकामागून एक मागे गेल्या, आणि त्यांचा आवाज येत नव्हता. आबांना आपलं सगळं आयुष्य असं मुक्याने पडलेलं प्रथमच दिसलं. पण त्यांनी नजर तिथे फार ठेवली नाही. ते पुढच्या त्या हाताकडेच बघत राहिले. तो हात सगळ्या प्रवाशांना, एका बहिणीच्या शब्दाला आणि एका मुलीच्या लग्नाला घेऊन ढगातून चालला होता, आणि जराही कापत नव्हता.

अंधेरीच्या कार्यालयात गुरुजी तिसऱ्यांदा "मुलीचे मामा!" म्हणून ओरडले, तेव्हा आबा धापा टाकत दारात उभे होते. ताराने पदराने डोळे पुसले. आबांनी नवरीचा हात धरला. मुंडावळ्यांआडून हर्षदाने हळूच विचारलं, "मामा, विमानात भ्याव नही वाटना?"

"कसाना भ्याव?" आबा म्हणाले, आणि ते अर्थात सगळ्या कार्यालयाने ऐकलं. "पोटभर जेवेल माणूस चालवी ऱ्हायंता!"