एकटीचा डाव

निरगुडसरच्या लंकाबाईनं लग्नापासून पत्त्यांचे कितीतरी कॅट चुलीत घातले होते. नवरा गोरख दर वेळी नवा आणायचा. देवळामागच्या पिंपळाखाली रोज दुपारी तो, संपत आणि भागू यांचा अड्डा बसायचा, आणि कांद्याला पाणी धरायचं काम लंकाबाईच्या वाट्याला यायचं.

मग गोरखला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढू लागला आणि तोंडात एकच शब्द उरला: न्हाई. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई. कुठला न्हाई कशासाठी, हे लंकाबाई सुरावरून ओळखू लागली. संपत आणि भागू एकदा केळी घेऊन आले, खाटेच्या कडेला बसले आणि काय बोलावं ते न सुचून उठून गेले. परत फिरकले नाहीत.

मुलगी मोहिनी आळेफाट्याला एका दवाखान्यात नर्स होती. सुट्टीला आली ती पत्त्यांचा कॅट घेऊनच.

"आई, आप्पांच्या डाव्या हाताला काम पायजे. डोक्याला बी."

"खेळायला माणसं कुठनं आणू?"

"हा एकट्यानंच खेळायचा असतो. सॉलिटेअर म्हनत्यात."

"मग हरवायचं कुणाला?"

मोहिनीनं जरा विचार केला. "कुणालाच न्हाई."

लंकाबाईला हे पिंपळाखालच्या खेळापेक्षाही रिकामटेकडं वाटलं. पण मोहिनीनं डॉक्टरांचं नाव घेतलं, तशी ती सतरंजीवर बसली. मोहिनीनं सात रांगा मांडल्या, प्रत्येक रांगेचा शेवटचा पत्ता तेवढा उघडा ठेवला. मोठ्याखाली लहान लावायचा, काळ्याखाली लाल, लालखाली काळा. एक्का निघाला की तो वर मांडायचा, त्याच्यावर दुर्री, तिर्री करत राजापर्यंत चढवायचं. चारी रंग चढले की डाव सुटला. रांग रिकामी झाली तर तिथं फक्त राजा बसतो.

"राजाच का?"

"नियम हाय."

"मग ठीक हाय," लंकाबाई म्हणाली.

गोरखच्या डाव्या हातातून पत्ते निसटायचे. म्हणून बोट त्याचं आणि हात लंकाबाईचा, असं ठरलं. पहिल्याच डावात तिनं लाल राणीखाली लाल गुलाम लावला, तेव्हा गोरख असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

हळूहळू तिला उमजत गेलं. ज्या रांगेत झाकलेले पत्ते जास्त, ती आधी मोकळी करायची. हाताशी राजा नसताना रांग रिकामी करायची घाई नाही. एकदा तिनं झाकलेला पत्ता गुपचूप उचलून बघितला. गोरखनं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही, म्हणजे न्हाईसुद्धा म्हणाला नाही.

डाव काही सुटेना. कांदा काढून झाला, डाव होता तिथंच.

एका दुपारी एका रांगेत इस्पिकची अठ्ठी उघडी होती आणि तिच्याखाली लावायला लाल सत्त्या दोन. गोरखनं बदामच्या सत्तीवर बोट ठेवलं. लंकाबाईनं बराच वेळ रांगांकडं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि चौकटची उचलली.

तिच्याखालून किलवरचा एक्का निघाला. मग पत्ते थांबेचनात. शेवटचा राजा वर गेला, तशी लंकाबाई पदर खोचून अंगणात धावली आणि शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या जावेला मोठ्यानं म्हणाली, "अंजना! सुटला गं! सुटला एकदाचा!"

अंजनानं खुरपं टाकलं आणि गळा काढला.

लंकाबाईनं घरात येऊन तांब्याभर पाणी प्यायलं, तोवर संपत आणि भागू दारात हजर. दोघांच्या टोप्या हातात. संपतनं उपरण्यानं डोळे पुसले.

"कवा झालं, वैनी?"

"आत्ताच की."

"लई तरास झाला का?"

"लई. चौकटची सत्ती हलंचना."

संपतनं भागूकडं बघितलं. मग दोघांनी आत बघितलं. गोरख खाटेवर बसून त्यांच्याकडं बघत होता. तो जे न्हाई म्हणाला, ते लंकाबाई लगेच समजली, पण तिनं पाहुण्यांना उलगडून सांगितलं नाही.

आलोच आहोत तर लगेच जाणं बरं दिसत नाही, म्हणून दोघं सतरंजीवर टेकले. अंजनाही आली, रडणं मध्येच थांबल्यामुळं उचक्या देत. लंकाबाईनं पत्ते पिसले आणि नवा डाव मांडला. थोड्या वेळानं संपतनं एक पत्ता सरकवून पाहिला. गोरखनं त्याच्या हातावर चापट मारली. डाव्या हाताची चापट चांगली जोरात बसली.

"च्या व्हईल का, वैनी?" भागूनं विचारलं.

लंकाबाईनं मान वर केली नाही. "अंजना, तेवढं आधण ठेव गं. मला आत्ता उठता यायचं न्हाई."

तो डाव काही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी संपत आणि भागू जेवण आटोपून लवकरच आले.