बाधलेलं दूध

"आजी, धुतलेली लंगोटी नको. भरलेली पायजे," हमिदा म्हणाली.

मनकर्णाबाईंनी पिशवी पोटाशी धरली. "दवाखान्यात घाण कशी आनाव, बाई? गावच्या डॉक्टरकडंई मी नातीले न्हाऊ घालूनच नेलं."

अकोल्याच्या बालरुग्ण वॉर्डात नर्सची नोकरी संपत आलेल्या हमिदाला पुढचं सांगावं लागलं नाही. बेसन-हळद लावून चोळलेल्या अंगात कावीळ लपली आणि पांढरी शी घराबाहेर कुणी पाहिलीच नाही. पित्ताची नळी बंद होती. वेळेत कळतं तर ऑपरेशनने वाट करून देता आली असती. आता यकृतच कडक झालं होतं. डॉक्टरांनी सकाळी तसं सांगितलं होतं.

आता डॉक्टरांना अभ्यासासाठी शीचा नमुना हवा होता. अशा बाळांच्या आतड्यात कोणते जंतू वाढतात, ते पाहायचं होतं.

मनकर्णाबाईंची लेक आचल बाळाला बाटलीने पाजत होती. तिचं दूध बाधलं असं सासरच्यांनी ठरवल्यापासून तिने अंगावर पाजणं सोडलं होतं.

"मावशी, याच्यानं इले बरं वाटन?"

हो म्हटलं असतं तर काम लगेच झालं असतं. हमिदाचे पाय सकाळपासून भरून आले होते.

"नाई, बेटा. इले काई फायदा नाई. पुढच्या लेकरायले झाला तं झाला."

"मंग काहून द्याव?" मनकर्णाबाई उसळल्या. "आमची पोट्टी का बोंडअळीची कपाशी हाय? सायेब येते, पायते, चालले जाते!"

हमिदाने नमुन्याची डबी ट्रेमध्ये परत ठेवली. "नका देऊ, आजी. कोनी काई म्हननार नाई."

ती वळली, तसं आचलने विचारलं, "माह्या दुधानं झालं का नाई, थे समजन का याच्यात?"

हमिदा खाटेच्या कडेला टेकली. ड्यूटीवर ती कधी खाटेवर बसत नसे.

"दुधानं नाई झालं. त्याले तपासाची गरज नाई. काहून झालं, थे डॉक्टरलेई मालूम नाई. म्हनून तं शोधून राह्यले."

आचलने बाटली बाजूला ठेवली. मग तिने बाळाची भरलेली लंगोटी सोडली. "घ्या."

 मनकर्णाबाईंनी नातीचे पाय तेवढे वर धरले.

डबी बंद करून हमिदाने खाटेभोवतीचा पडदा ओढला. आत आचल भिंतीला टेकून ब्लाउजचे हूक काढत होती. बाळाने आधी तोंड फिरवलं, मग धरलं. दूध येत होतं की नाही, कोण जाणे.

दारातून तरुण डॉक्टर नमुन्यासाठी आत येऊ लागले. पडद्याला पाठ लावून उभ्या हमिदाने हात वर केला आणि त्यांना तिथेच थांबवलं.