वाटेतले शिंगाडे

प्राची डोंबिवलीत जपानी शिकवते. दिवसा ठाण्यातल्या एका कंपनीत भाषांतराचं काम आणि संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत बारा-तेरा मुलांचा क्लास. त्यातली निम्मी मुलं कार्टून बघून आलेली. निन्जा म्हटलं की त्यांना काळे कपडे आणि फेकायची चांदणी, एवढंच ठाऊक. म्हणून गेल्या नोव्हेंबरात तिने एका रविवारसाठी वाचनालयाचा हॉल मागून घेतला आणि निन्जांच्या हत्यारांचं छोटंसं प्रदर्शन लावायचं ठरवलं.

तिला मुलांना एकच गोष्ट समजवायची होती. ही माणसं डोंगरातल्या गावांतली, पुष्कळशी शेती करून जगणारी. तलवार घेऊन परमुलखात गेलं तर कुणीही पकडेल. विळा घेऊन गेलं तर कोण विचारतंय? त्या विळ्याला साखळी लावली की झालं कुसारिगामा. कुनाई म्हणजे माती उकरायचं, भिंत पोखरायचं अवजार. तिला जपानी शिकवणाऱ्या विनिताताईंनी या सगळ्याचे नकली नमुने दिले. राहिली फक्त माकिबिशी, म्हणजे मागे लागलेल्या माणसाच्या वाटेत टाकायचे काटे. ते लोखंडाचेही असत, पण वाळवलेल्या शिंगाड्यांचेही वापरत. शिंगाडे तर आपल्याकडेच मिळतात, मग नकली कशाला, असं प्राचीला वाटलं.

कल्याणच्या बाजारात शिंगाडे होते, पण उकडलेले, काटे छाटलेले.

"काट्यांसकट कोण घेणार मॅडम?" भाजीवाला म्हणाला. "पायजेच असतील तर आंबिवलीला जा. स्टेशनपासून रिक्षा करा, तळ्यावर मीराबाईंना विचारा. माल तिकडूनच येतो."

मीराबाई साठीच्या. नवरा सखाराम चार वर्षांपूर्वी गेला; तेव्हापासून त्या आणि धाकटा दीर भगवान अशी दोघं मिळून तळं बघतात. प्राची पोचली तेव्हा भगवान ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात वेल उलटे करत होता. मीराबाई बांधावर शिंगाडे निवडत होत्या. प्राचीने काय हवंय ते सांगितलं, का हवंय तेही सांगितलं. मीराबाईंनी हातातला शिंगाडा खाली ठेवला.

"म्हणजे वाटेवर पसरायचे? माणसाच्या पायात घुसायला?"

"हो. जपानात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी."

"जपान कशाला? आमी पसरलेत की इथं!"

मीराबाई सांगत गेल्या. पंधरा-सोळा वर्षांमागे तळ्यातले शिंगाडे चोरीला जाऊ लागले. पहाटे कुणीतरी यायचं, पोतं भरून न्यायचं. सखारामने दोनदा राखण केली, पण कुणी सापडलं नाही. मग पिठासाठी वाळवून ठेवलेल्यांतले काट्यांचे शिंगाडे त्याने पलीकडच्या पायवाटेवर गवतात टाकले. त्यानंतर चोरी बंद झाली.

"सगळे उभे राहतात का काटे वर करून?" प्राचीने विचारलं. "तिकडच्या काही जातींना चार काटे असतात. आपल्याकडच्यांना दोनच."

"सगळे नाय राहत. दहातला एक उभा राहिला तरी बास."

"चोर सापडला?"

"नाय," मीराबाई म्हणाल्या.

भगवान ट्यूब ओढत काठाला आला होता. त्याने टोपली रिकामी केली आणि तो परत पाण्यात गेला.

वाळवलेले शंभरेक शिंगाडे मीराबाईंनी पिशवीत बांधून दिले. प्राचीने दोघांना प्रदर्शनाला बोलवलं. येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण रविवारी अकराच्या सुमाराला दोघं आली. मीराबाई इस्त्रीच्या लुगड्यात, आणि मुलांसाठी उकडलेले शिंगाडे आणलेले. भगवानच्या अंगावर पांढरा शर्ट.

हॉलमध्ये गर्दी बरी होती. चांदण्यांच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त. शिंगाड्यांच्या टेबलावर प्राचीने कापड अंथरून ते पसरले होते. तिथे क्लासमधली मैथिली उभी होती, सातवीतली. ती येणाऱ्याला माहिती सांगत होती. भगवान तिथे थांबला.

"काका, हे तुमच्या तळ्यातले ना?" मैथिलीने विचारलं. "खरंच एवढं लागतं? मला नाही वाटत. छोटासा तर आहे."

भगवानने टेबलावरचा एक शिंगाडा उचलला.

"लागतं," तो म्हणाला. "काटा आत तुटतो. मग पू होतो. आठ दिवस पाय टेकवत नाय खाली."

"तुम्हाला लागलेला?"

"लागलेला."

मीराबाई मागेच उभ्या होत्या. भगवानने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पहाटेचा चोर कोण होता, ते प्राचीच्या लक्षात आलं. तिने मैथिलीला चांदण्यांकडे पाठवलं आणि दोघांना मागच्या खोलीत चहाला नेलं. चहा देऊन ती निघणार होती, पण मीराबाईंनी तिचा हात धरला.

"बस गं. तुझ्यापासून काय लपवायचं आता?" मग त्या दिराकडे वळल्या. "भावजी, मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुमी सांगितलं, रुळाजवळ खिळा घुसला म्हणून, तेव्हापासून. काटा मीच काढला ना सुईनं! शिंगाड्याचा काटा मला कळणार नाय?"

भगवानने कप खाली ठेवला. "दादाला?"

"नाय सांगितलं. शेवटपर्यंत नाय."

"का?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुमाला घराबाहेर काढलं असतं. आणि त्यांचंपण चुकलेलं. पाण्यात दोघं उतरायचे, आणि तळ्याचा ठेका मात्र त्यांच्या एकट्याच्या नावावर. तुमी वाटा मागितलात तेव्हा हसले. मी ऐकलं होतं."

"मागायची मला लाज वाटायला लागली," भगवान म्हणाला. "चोरून न्यायची नाय वाटली. उलटंच झालं." त्याने डोळे पुसले. "वहिनी, मी ते खाल्ले पण नाय सगळे. अर्धे तर कुजले घरामागे."

"ते पण माहिती. वास यायचा," मीराबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसली. हसताना भगवानला हुंदका आला. प्राची खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. 

नंतर भगवान परत हॉलमध्ये गेला. दुपारभर तो शिंगाड्यांच्या टेबलापाशीच बसला. वेल कसा लावतात, शिंगाडा कुठल्या बाजूने धरायचा, सोलताना बोट कसं वाचवायचं, हे सगळं तो मुलांना दाखवत होता. चांदण्यांकडची गर्दी हळूहळू इकडे सरकली.

जूनमध्ये तळ्याच्या ठेक्याची मुदत संपली. नवीन अर्ज प्राचीनेच भरून दिला, कारण मीराबाईंना संगणकावरचं जमत नव्हतं. अर्जदार म्हणून त्यांनी दोन नावं सांगितली. पहिलं नाव भगवानचं.