खोल पाण्यातली बाटली

"म्हणे नमुने तीनतीन पाण्यांनी धुतले. मग माझ्या बनला फॉर्मालिनचा वास कुठून आला?" याद्विगा सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता कुरकुरली. "घरी गेले की मांजरसुद्धा लांब जाऊन बसतं."

एरवी शेजारच्या टेबलावरून लुत्सिनाने मांजराची बाजू घेतली असती. श्चेचिन शहरातल्या प्रयोगशाळेच्या या खोलीत दोघी चौतीस वर्षं कोपराला कोपर लावून बसत होत्या. समुद्रातून जाळीने गाळून आणलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, थाळीत ओतायचे आणि त्यातली माशांची अंडी, पिल्लं वेचून काढायची. तांदूळ निवडावेत तसं काम. पण आज तिने हातातला चिमटा थाळीच्या कडेला ठेवला.

"याद्विगा, इकडे ये. बनचे हात पुसून ये."

थाळीच्या चौथ्या चौकटीत मोहरीएवढं अंडं होतं. आत शेपूट डोक्याशी घेऊन पिल्लू वळून निजलेलं. पाठीवर शाई शिंपडावी तसे टिपके.

"स्प्रॅटचं असेल, त्या बारक्या माशाचं," याद्विगा म्हणाली, पण तिचा आवाज आधीच बदलला होता.

"स्प्रॅटचं एवढं मोठं असतं का गं? कॉड आहे. फुटायला आलेलं."

"तुझा कॉड म्हणजे माझा जावई. येतो येतो म्हणतो आणि ईस्टर उलटून जातो."

"हा आलाय," लुत्सिना म्हणाली. "आणि एकटा नाहीये. पुढची चौकट बघ."

सहा वर्षं बोर्नहोम बेटाजवळच्या खोल पाण्यातून कॉड माशाची अंडी आलीच, तर ती पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मेलेली, आत नुसता ढग. पिल्लाला टिपके धरेपर्यंत एकही टिकलं नव्हतं. याद्विगाने बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली आणि खोलीच्या दारातूनच हाक मारली, "किंगा! चहा राहू दे, धावत ये."

विभागप्रमुख किंगा चहाचा पेला घेऊनच धावत आली. तिने पाहिलं, पेला कुठे ठेवावा ते तिला सुचेना, तो तिने याद्विगाच्या हातात दिला. "जहाज बंदरातच आहे," ती म्हणाली. "या बाटल्या उतरवल्या, आता उद्या निघेल ते उत्तरेला. दोनच्या आत पक्का आकडा दिला तर कप्तान मार्ग बदलेल, परत त्याच जागी जाळी टाकतील. लुत्सिनाबाई, किती आहेत?"

"मोजू तर दे, बाई. अर्धी थाळी राहिलीय."

खोलीतल्या इतर बायका आपापलं काम टाकून मागे उभ्या राहिल्या. लुत्सिना एकेक अंडं ड्रॉपरने उचलून नळीत सोडायची, अंगठ्याखालचं मोजणीयंत्र टकटक वाजायचं, आणि मागून कुणीतरी आकडा पुटपुटायचं. तिला पंचविशीतल्यासारखं वाटत होतं. गाल तापले होते. "सतरा," तिने मान ताठ करत सांगितलं.

आता नियम. दहातली एक थाळी, आणि अशी महत्त्वाची तर हमखास, वेचून झाली की दुसरीने तपासायची. राहिलेली अंडी 'सुटलेली' म्हणून वेगळ्या रकान्यात, वेचणारीच्या नावापुढे लिहायची. लुत्सिनाची थाळी नेहमी याद्विगाच तपासायची.

तिने थाळी पुढे ओढली. "हे एक," ती म्हणाली. मागे आनंदाचा गलका झाला. "हे दुसरं. हे बघ, तिसरं." किंगाने टाळी वाजवली. अंडं वाढलं की समुद्रातला कॉड वाढत होता. सगळ्या हसत होत्या, लुत्सिनाही. सात. आठ. अकराव्याला हसणं जरा कमी झालं. ज्यांत काळे टिपके होते ती लुत्सिनाने वेचली होती. आत पिल्लू वळलेली पण अजून टिपके न धरलेली, पांढुरकी, थाळीत तशीच होती. याद्विगा आता आकडा मनातच मोजू लागली. मागच्या बायकांना एकाएकी आपापली टेबलं आठवली.

"एकोणीस," शेवटी याद्विगा हळूच म्हणाली. "किंगा, सगळी एकत्रच लिही ना. छत्तीस. जहाजाला काय करायचंय कुणी किती वेचली ते?"

किंगाने फोन उचलला. "छत्तीस," तिने बंदरात कळवलं. पलीकडून कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं की खोलीभर ऐकू गेलं. "मार्ग बदलतायत!" किंगाचे डोळे पाणावले. मग तिने तक्ता पुढे घेतला. पेन 'सुटलेली'च्या रकान्यावर जाऊन थांबलं. "छान ऊन पडलंय आज," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

"जुलै आहे, पडणारच," याद्विगा म्हणाली. "शून्य लिही आणि चल, बन खाऊ."

लुत्सिना त्या रकान्याकडे बघत होती. पूर्वी तिच्या नावापुढे एखाद-दुसरं सुटलेलं असायचंच, सगळ्यांचं असतं. यंदा मात्र प्रत्येक तपासणीत शून्य. ते बघून तिला बरं वाटलं होतं, आणि तिने याद्विगाला काही विचारलं नव्हतं. यंदाच्या पहिल्या, मेच्या फेरीतल्या आणि जूनच्या फेरीतल्या याच जागेच्या बाटल्या तिनेच वेचल्या होत्या. दहातली एकच बाटली तपासली जाते. बाकीच्या नऊंवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कॉड नाही'.

"एकोणीस लिही," ती म्हणाली.

"अगं लुत्सिना, लांबलेला दिवस, डोळे थकतात..." याद्विगा घाईने म्हणाली.

"अकरा वाजलेत, याद्विगा. आणि तू माझी सुटलेली अंडी गुपचूप नळीत टाकत होतीस, ते बंद कर आता." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि किंगाकडे वळली. "एकोणीस लिही आणि मेपासूनच्या माझ्या सगळ्या बाटल्या कपाटातून काढ. दुसऱ्या कुणाला वेचायला दे. कॉड तेव्हाही असेल गं त्यांत. मला दिसत नाही नीट. वर्ष होत आलं."