दहावा पक्षी

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात, आणि जेवत असतील तर ताट जरा पलीकडे सरकवतात. टेकडीवर बारा पवनचक्क्यांची एक रांग आहे. त्यांच्या पात्यांना धडकून मरणारे पक्षी शोधायचे, मोजायचे आणि लिहून ठेवायचे, हे माझं काम. दर चौथ्या दिवशी सकाळी सातला मी काठी, पिशवी, फूटपट्टी आणि वही घेऊन पहिल्या चक्कीपाशी हजर असते. प्रत्येक चक्कीभोवती दोऱ्या बांधून पट्टे आखलेत. एक पट्टा संपला की शेजारचा, असं खाली मान घालून दुपारपर्यंत चालायचं. टेकडीवरचे फिटर मला 'पंचनामा' म्हणतात. म्हणोत बापडे. त्याआधी मी बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. चिठ्ठीवर एक आणि बाटलीत भलतंच असलं की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही.

या कामात एक खोच आहे. ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोळ्यात तेल घालून शोधलं तरी माणसाला सगळं दिसत नाही. गवतात, दगडाआड काहीतरी सुटतंच. म्हणून माझी नजर किती पक्की आहे ते पाहायला बाहेरचा एक तपासनीस मला न सांगता मेलेले पक्षी पट्ट्यात टाकून जातो. हे पक्षी पक्ष्यांच्या दवाखान्यात मेलेले असतात आणि प्रत्येकाच्या पंखाखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते. मी उचललेल्या पक्ष्यावर तो यंत्र फिरवतो. वाजलं तर पक्षी त्याचा, नाही वाजलं तर चक्कीनं मारलेला. वर्षाला असे दहा पक्षी टाकतात. दहातले आठच मला सापडले, तर खरे मेलेले चार सापडले असतानाही कागदावर पाच धरायचे, कारण पाचवा माझ्या नजरेतून सुटला असणार असा हिशेब.

आणि आमच्याकडे पाच हाच आकडा वाईट. परवानगीच्या कागदात चौदावी अट आहे : मोठ्या तपकिरी गरुडांचा आकडा वर्षभरात पाचाला टेकला, की स्थलांतराचे तीन महिने अख्खी रांग बंद. ही जात आता फार थोडी उरली आहे, आणि जोडीला वर्षाला एकच पिल्लू होतं. अट चुकीची आहे असं मी कधीच म्हटलं नाही.

पण रांग बंद झाली की शहराला वीज कमी पडते, आणि मग नदीकाठचं जुनं कोळशाचं वीजकेंद्र पेटवतात. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं, पण मोडलं नाही. अडीअडचणीला असावं म्हणून राखून ठेवलंय. त्याच्या धुराड्यापासून आमचं घर चालत सात मिनिटांवर. आई त्या घरात पंचेचाळीस वर्षं राहिली आहे आणि तिच्या छातीत त्यातली किती वर्षं साठली आहेत ते डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून आम्हाला दाखवलंय. धुराडं थांबलं तशी आईची वाफ दिवसातून चार वेळांवरून एका वेळेवर आली. ती जिना उतरून खालच्या बाकावर जाऊन बसायला लागली, शेजारणींशी भांडायलाही लागली. तेव्हा वाऱ्याची वीज चांगली का, हे मला कुणी शिकवू नये. मी चक्क्यांच्याच बाजूची आहे. पक्षी मोजते म्हणून मी त्यांची वैरीण आहे असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

माझा धाकटा भाऊ त्याच रांगेवर फिटर. उंची सहा फूट, पण घरात अजून बारक्याच. आम्ही बहीण-भाऊ एकाच टेकडीवर कामाला आहोत, हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. काम वेगळं, साहेब वेगळे. तो वर चढणार, मी खाली बघणार. कुणी हरकत घेतली नाही.

यंदाचं मोजणीचं वर्ष संपायला तीन आठवडे उरले होते आणि स्थलांतर तोंडावर आलं होतं. खरे गरुड चार सापडले होते. टाकलेल्यांपैकी नऊ झाले होते, त्यातले आठ मला मिळाले होते. चाराचे साडेचार होत होते. पाचाच्या आत होतो. मग एका गुरुवारी दुपारी मी वही बंद करत असताना तपासनीसाचा फोन आला.

"बाई, जरा सातव्या चक्कीपाशी येता का?"

मी गेले. तो एका काटेरी झुडपापाशी उकिडवा बसला होता. झुडपाच्या पोटात, पार आत, एक तपकिरी पंख होता. त्यानं यंत्र पुढे केलं आणि ते वाजलं.

"दहावा," तो म्हणाला. "मी टाकला होता तिथून चार हात सरकलाय. एखाद्या कुत्र्यानं ओढला असेल. पट्ट्याबाहेर गेला असता तर धरला नसता. पण हा पट्ट्यातच आहे."

"मी इथून गेले होते," मी म्हणाले. "वाकूनही पाहिलं होतं."

"पाहिलं असेल हो. होतं असं." तो चांगला माणूस आहे, त्याला हे बोलणं जड जात होतं. "पण दहात आठ झाले. चाराचे पाच. मला सोमवारी कळवावं लागणार."

त्या दिवशी मी स्वतःवर इतकी चिडले की घरी जाताना रस्त्यात कुणाशी बोलले नाही. माझ्या डोळ्यांपायी रांग बंद होणार, धुराडं पेटणार, आणि आई परत चार वेळा वाफ घेणार. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय झालंय? तुमच्यासारखी नजर माझी असती तर बरं होतं." मला आनंद व्हायला हवा होता. उलट डोकं आणखी फिरलं.

शनिवारी बारक्या जेवायला आला. आई आतल्या खोलीत यंत्र लावून वाफ घेत होती. त्याची घरघर बाहेर ऐकू येत होती. मी ताटं वाढली आणि झालेला प्रकार सांगितला. रांग सोमवारी बंद होणार हे त्याला आधीच कळलं होतं, पण का, ते माहीत नव्हतं.

"पण पाचवा सापडला कुणाला?" त्यानं विचारलं.

"पाचवा नव्हे रे. टाकलेला. तपासनीसाचा पक्षी. सातव्या चक्कीच्या काटेरी झुडपात होता, चिप वाजली त्याची."

बारक्याचा घास हातातच राहिला. त्यानं तो परत ताटात ठेवला आणि बोटांकडे बघत बसला. लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर तो असाच बसला होता. तेव्हाही मला विचारावं लागलं नव्हतं.

"तू ढकललास तो आत," मी म्हणाले.

"मला वाटलं खरा आहे," तो म्हणाला. "सहा-साडेसहाला शिडीकडे चाललो होतो. पडला होता उघड्यावर, तोच तपकिरी. मला वाटलं, झालं, आता पाच भरले. पायानं सरकवला आत. संध्याकाळी नेऊन टाकणार होतो घळीत, पण गेलो तर जागेवर नव्हता. ताई, मला काय माहीत तो टाकलेला आहे?"

करायला गेला काय आणि झालं काय. रांग वाचवायला म्हणून त्यानं जो पक्षी दडवला, त्याच पक्ष्यानं रांग बंद केली. मला त्याला थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी छाती हलकी झाली, कारण माझे डोळे शाबूत होते. या हलकेपणाची मला आजही लाज वाटते. मग त्यानं वापरलेला एक शब्द माझ्या कानात अडकला.

"घळीत," मी म्हणाले. "संध्याकाळी नेऊन घळीत टाकणार होतास. हे तुला इतक्या चटकन कसं सुचलं? हा पहिलाच का?"

आतल्या यंत्राची घरघर थांबली. बारक्यानं दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"थंडीत दोन. बाराव्या चक्कीमागच्या घळीत आहेत."

म्हणजे चार नव्हे, सहा. आकडा केव्हाच ओलांडला होता. मी महिनोन् महिने खाली मान घालून चालत होते आणि माझ्या पुढे माझाच भाऊ पट्टे साफ करत चालला होता.

"ताई, ऐक," तो म्हणाला. "मी सोमवारी सांगतो. माझा मीच सांगतो. पण या एकाचं. पायात आला म्हणून बाजूला सारला, असं. मग तो दहावा खोडतील. तुझे नवात आठ राहतील, आकडा साडेचार. रांग चालू. मला फार तर लेखी समज देतील. त्या दोघांचं काढून काय मिळणार? ते काही जिवंत होणार नाहीत. आणि आत कोण बसलंय ते तुला सांगायला नको."

हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रविवारभर मी ते मनात घोळवलं. त्याचं म्हणणं कुठूनही धरलं तरी सोयीचंच होतं. खरंही होतं, अर्धं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. पण आमच्या आकड्यावरून पलीकडच्या तीन टेकड्यांवर चक्क्या कुठे उभ्या करायच्या ते ठरणार होतं. बाराव्या चक्कीपाशी थंडीत दोन मेले, म्हणजे त्या कड्यावरून त्यांची वाट जाते. ती वाट कागदावर आलीच नाही, तर पलीकडेही ते त्याच वाटेत चक्की रोवणार. आणि पुढेमागे कुणी ती घळ उकरली, तर धुराडं पुन्हा कायमचं पेटवायला टपलेले लोक म्हणणार, बघा, यांचं सगळंच खोटं. हे सगळं मला पटत होतं. तरी आईकडे पाहिलं की ते कोरडं वाटायचं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं तपासनीसाच्या खोलीत गेलो. बारक्या उभ्यानंच बोलला, ठरवलं होतं तसंच, आणि चांगलं बोलला. तपासनीसाचा चेहरा उजळला. त्यानं दहाव्यावर रेघ मारली, नव्यानं भागाकार केला आणि कागद माझ्याकडे वळवला.

"सुंठीवाचून खोकला गेला," तो म्हणाला. "बाई, मला तुमच्या नजरेचं नवलच वाटलं होतं. करा सही."

सहीच्या वर छापलं होतं : वरील मोजणी माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व खरी आहे. हा मजकूर मी शंभर वेळा न वाचता सही करून दिला असेल. त्या दिवशी वाचला. बारक्या माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता. त्याची खात्री होती, कारण मी त्याची ताई होते.

"अजून दोन आहेत," मी म्हणाले. "बाराव्या चक्कीमागच्या घळीत. थंडीतले."

तपासनीसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बारक्याकडे. बारक्या खिडकीपासून वळला आणि म्हणाला, "चला, दाखवतो." तो पुढे चालला, आम्ही मागे. पिसं आणि हाडं उरली होती, पण नखांवरून जात ओळखू आली. यंत्र फिरवलं, ते वाजलं नाही. सहाचे पावणेसात झाले. ते मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

बारक्याला त्याच दुपारी टेकडीवरून खाली पाठवलं. पुरावा दडवल्याबद्दल त्याच्यावर खटला चालेल. वकील म्हणतात तुरुंग होणार नाही, पण शिडीवर त्याला आता कुणी चढू देणार नाही. बारा चक्क्या बंद झाल्या. बुधवारी धुराडं पेटलं.

आईला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. घळ, झुडूप, सही, सगळं. ती शाबासकी देईल असं मला वाटलं नव्हतं, पण चिडेल असंही वाटलं नव्हतं.

"त्यानं माझ्यासाठी पक्षी लपवले," ती म्हणाली. "मला विचारलं नाही. तू खरं सांगून आलीस. तूही विचारलं नाहीस. श्वास माझा आहे ना गं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ते आता सांगून काय उपयोग," आई म्हणाली, आणि खिडकी लावून घ्यायला उठली.

तेव्हापासून बारक्या येतो, आईपाशी बसतो, तिचं यंत्र धुऊन ठेवतो आणि माझ्याशी न बोलता जातो. मी त्याला दोष देत नाही. जे केलं ते पुन्हा करेन का, असं वकिलांनी मला विचारलं, आणि मी हो म्हणाले, ते खरं आहे. त्या 'हो'नं मला झोप लागत नाही, तेही खरं आहे. रांग बंद असली तरी दर चौथ्या दिवशी पट्ट्यातून चालावंच लागतं. पट्टे रिकामे असतात. पाती थांबलेली, आणि त्यांच्यावरून गरुड कड्याकडे जाताना दिसतात. गेल्या खेपेला अकरा गेले.

घरी असले की मी काही मोजायचं नाही असं ठरवलंय. काल सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत आई एकेचाळीस वेळा खोकली.