ब्रेक माझे शाबूत होते

मी एक जुनी, पिवळी, मागे समोरासमोर दोन बाके असलेली गाडी आहे, आणि मित्रांनो, मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘म्हातारी किती कुरकुरते’ असे नंतर म्हणू नका. लाम्पांगच्या डोंगरात बावीस वर्षे माणसे वाहिली असती, तर तुम्हीही असेच बोलला असता.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी पिकअप होते. मग एका गॅरेजवाल्याने माझ्या पाठीवर पत्र्याचे छप्पर ठोकले, बाके बसवली आणि मागे लोखंडी पायरी लावली. बुआफानताईने मला घेतले तेव्हा बाकांवरचे प्लास्टिकही कोणी काढलेले नव्हते. सकाळी हुआई लाओ गावातून घाट ओलांडून बाजारात जायचे आणि दुपारी परत यायचे, एवढाच माझा रस्ता. पण गावात माणसे नेणारी दुसरी गाडी नव्हती. शाळेची पोरे, दवाखान्याला निघालेल्या बाया, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, सगळे माझ्यातूनच जायचे.

आणि काय काय सोसले म्हणून सांगू! घाट चढताना पोरे ओकायची ती थेट बाकाखाली. आंबवलेली चहाची पाने चघळणाऱ्या म्हाताऱ्या आपला चोथा माझ्या खिडकीच्या चौकटीला पुसायच्या. सीनुअनआजी दर बाजाराला आंबवलेल्या मासळीचे मडके घेऊन चढायची. त्यातले पाणी सांडले की आठवडाभर माशा माझा पिच्छा सोडत नसत. ताई रोज आरशाला मोगऱ्याचा नवा हार बांधायची आणि जुना काढायला विसरायची, त्यामुळे खालचे हार काळे पडून चिकट व्हायचे. तरी ती चालवायची झकास. “बुआफानच्या गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही,” असे लोक म्हणायचे. ज्यांच्या पोटातले हलायचे त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही.

घाटमाथ्याच्या अलीकडे, एका आंधळ्या वळणावर, चाओफोचे म्हणजे घाटाच्या राखणदाराचे ठाणे आहे. नवस फेडायला आणलेले मातीचे झेब्रे तिथे शेकड्यांनी उभे आहेत. पुढे लाल सरबताच्या उघड्या बाटल्या असतात आणि त्यांत मुंगळे बुडालेले. मला नुसते बघूनच कसेसे होते. तिथून जाताना आमच्याकडचा ड्रायव्हर तीनदा हॉर्न वाजवतो आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडतो. होय मित्रांनो, सोडून, आणि तेही वळणावर! एकदा ताईने नुसताच हॉर्न दिला, तर सीनुअनआजीने मागून काच बडवली होती.

“हात मोडलेत का गं तुझे? आम्हाला काय दरीत घालतेस?”

त्यानंतर ताई हात जोडायला कधी चुकली नाही.

त्या सकाळी थंडी होती आणि घाटात धुके होते. ताईच्या लेकीची परीक्षा होती. म्हणून ताईने हात तर जोडलेच, वर क्षणभर डोळेही मिटले. तेवढ्यात समोरून बांबूंनी लादलेला ट्रक वळण कापत आला. ताई किंचाळली. तिने स्टिअरिंग धरले आणि ती ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. मी होते नव्हते ते सगळे बळ चाकांत आणले. रबर जळाले, आणि दरीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर मी थांबले. ट्रक निघून गेला. मागे मडके फुटले आणि मासळीचे पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहिले. खरचटले मात्र कोणालाच नाही.

“चाओफोनं वाचवलं गं बायांनो!” आजी रडत ओरडली. मग तिने काचेतून विचारले, “पण झालं काय?”

ताईचे ओठ पांढरे पडले होते.

“ब्रेक… ब्रेक लागलेच नाहीत, आजी.”

मित्रांनो, ओकारी, चोथा, मासळी, सगळे मी मुकाट्याने गिळले होते. पण या एका वाक्याची जी शिसारी आली, ती आजवर कशाचीच आली नव्हती. ज्या ब्रेकांनी नऊ जीव कठड्याच्या अलीकडे धरले, त्यांच्याच माथी खापर!

इन्था मिस्त्रीने मला गावात आणले आणि चाके खोलली. “ब्रेक शाबूत आहेत, ताई,” तो म्हणाला. “नीट बघ रे,” ताई म्हणाली. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलली आणि पुन्हा तेच सांगितले.

ताईने चालवायला बसून पाहिले. चावी फिरवली की तिचे हात लटपटायचे. एकदा तर दार उघडायच्या आतच ती माझ्या पेडलांवर ओकली. मग गावाने उपाय सुरू केले. विहारातल्या भन्तेंनी पाणी शिंपडून छताला पांढऱ्या लेपाची बोटे ओढली. शेजारणीने ताईत टांगला. सीनुअनआजीने स्टिअरिंगला मंतरलेला दोरा गुंडाळला, तोही चोथ्याने बरबटलेल्या बोटांनी. ताई कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून ठाण्यावर अकरा झेब्रे ठेवून आली. कशाचा काही उपयोग झाला नाही. कसा होणार? दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

मला चिंचेखाली उभे केले. कोंबड्यांनी माझी बाके बळकावली आणि जे करायचे ते तिथेच केले. पाली छपराला चिकटल्या. गावातली माणसे बाजारासाठी कोसभर चालून मोठ्या रस्त्यावर जाऊ लागली. बाजारातल्या गाड्यांच्या रांगेचा नियम कडक आहे. महिनाभर गाडी आली नाही की तिचा नंबर दुसऱ्याला जातो. नंबर गेला की ताईचे चालवणे कायमचे संपणार होते. मग ब्रेक बिघडलेली म्हणून बदनाम झालेल्या म्हातारीला भंगारवाल्याशिवाय कोण विचारणार?

महिना भरायला आठ दिवस उरले तेव्हा ताईने इन्थाला पुन्हा बोलावले. चाके खोलून झाल्यावर त्याने पाना जमिनीवर आपटला.

“तिसऱ्यांदा खोललं मी हे! गाडी थांबली नसती तर तू आज इथं उभी असतीस का? तुझे हात कुठे होते, तेवढं सांग मला.”

ताई मटकन खाली बसली, कोंबड्यांच्या घाणीतच.

“जोडलेले होते रे. डोळेपण मिटले होते.”

इन्थाने आपटलेला पाना उचलून पुसला. मग म्हणाला, “मीपण जोडतो. सगळेच जोडतात.”

“मागं शाळेची पोरं होती, इन्था. जेवताना घास उचलला की मला माझ्याच हातांची किळस येते.”

माझा राग तिथे निम्मा उतरला. किळस म्हणजे काय ते मला कळते.

दुसऱ्या दिवसापासून ती मला विहाराच्या पटांगणात फिरवू लागली. पहिला गिअर, बैलाची चाल, आणि मागे भुंकणारी कुत्री. तिसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी गेलो आणि तिथूनच परतलो. पाचव्या दिवशी वळण दिसताच तिने मला बाजूला घेतले, घामाने निथळत बसून राहिली आणि परत फिरवले. इन्था शेजारी बसून शेंगा खात होता. टरफले अर्थात माझ्या अंगावर.

महिन्याचा शेवटचा दिवस बाजाराचा होता. ताईने पहाटे मला घासून धुतले, सडके हार कापून टाकले आणि विहाराच्या दारात आणून उभे केले. माणसे जमली, पण चढेना कोणी.

“ब्रेक दुरुस्त झाले का गं?” नवे मडके कडेवर घेतलेल्या सीनुअनआजीने विचारले.

“हो, हो, सगळं नवं टाकलंय,” इन्था घाईघाईने म्हणाला. त्याला ताईला सांभाळून घ्यायचे होते.

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. पण ताई खाली उतरली.

“ब्रेक बिघडलेच नव्हते, आजी. मी खोटं बोलले. माझे हात स्टिअरिंगवर नव्हते आणि डोळे मिटलेले होते. गाडीनंच आपल्याला थांबवलं.”

मग एका आईने मुलाचे दप्तर ओढले. “माझा पोरगा होता गं मागं! आणि महिनाभर तू मला तोंड दाखवत होतीस? शी!” ती मुलाला घेऊन पायी चालू लागली. तिच्यामागे आणखी दोघे गेले.

ताई तशीच उभी राहिली. आजीने तोंडातला चोथा थुंकला, आणि तोही माझ्या धुतलेल्या टायरवर.

“काच मीच बडवली होती ना,” ती पुटपुटली. मग मागे न जाता तिने पुढचे दार उघडले आणि मडके मांडीवर घेऊन ताईच्या शेजारच्या सीटवर बसली. “चल. हात जोडायचं काम आजपासून माझ्याकडं. तू तेवढं ते स्टिअरिंग धर.”

आम्ही चौघांना घेऊन निघालो. वळण आले. ताईने तीनदा हॉर्न दिला आणि दुसरा गिअर टाकला. तिची बोटे पांढरी पडली होती आणि तळव्यांच्या घामाने स्टिअरिंग निसटते झाले होते, पण हात सुटले नाहीत. शेजारी आजीने दोन्ही हात कपाळाला लावले. त्यात मडके कलंडले आणि ते घाणेरडे पाणी माझ्या स्वच्छ पायपुसण्यावर सांडले. मी एरवी आकांत केला असता. ताई बाजारापर्यंत रडत होती आणि मला सरळ चालवत होती.

ती आई अजून माझ्यात बसत नाही. तिचे काही चुकत नाही.

मित्रांनो, गाडीत ओकलात तर पुसून घ्या आणि हार वाळला की काढून टाका, एवढे तर मी मागणारच. पण आपली चूक मुक्या वस्तूवर ढकलू नका. आम्ही उलटून बोलत नाही. मात्र ढकलणाऱ्याचे हात पुढे कितीतरी दिवस कापत राहतात. आणि गाडी चालवणाऱ्याचे दोन्ही हात जागच्या जागी राहू द्या. देवाला तुम्हा बसणाऱ्यांचे हातही चालतात.