पाताळातले पितर

"दार लावा! पाताळाला उजेड सोसत नाही!" पाताळबाबा गरजला, आणि शिंदखेड्याजवळच्या त्या कापसाच्या वखारीत कोंबलेली शंभरेक माणसं अंधारात चिडीचूप झाली.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माणूस उमटला. हातभर उंचीचा, खाली डोकं, वर पाय! हलत होता, हात जोडत होता. पितृपंधरवडा चालू होता. ज्याला त्याला आपलाच मेलेला बाप दिसला. बायांनी हंबरडा फोडला.

"दखा! बठ्ठा पितर उलटा टांगेल शेतस!" बाबा मागच्या दाराशी बसून ओरडत होता. "अन्न सोडा, आणि तुमच्या वाटचं इथं आणून ठेवा. तेव्हा सुटतील!"

गर्दीत तोताराम दातओठ खात उभा होता. त्याची विधवा बहीण भिकुबाई पंधरवड्याच्याही आधीपासून, एकवीस दिवस नुसत्या ताकावर होती. आपलं ताट रोज बाबापुढे ठेवायची. अंगाची काडी झाली होती. धुळ्याहून धावत आलेल्या भावाला ती म्हणाली होती, "भाऊ, मन्हा धनी उलटा टांगेल शे, मी कशी जेवू?"

तोताराम मोजणी खात्याच्या दुर्बिणी दुरुस्त करायचा. त्या दुर्बिणीत सगळं जग उलटंच दिसतं. अठरा वर्षं दुकानात बसून समोरच्या पानवाल्याचं उलटं तोंड बघतच त्यानं भिंगं बसवली होती. इतरांना उलटा चेहरा ओळखता येत नाही. त्याला झटकन येतो.

हा पितर कसला, हा तर झिपरू! मघाशी दाराशी अंगारा वाटणारा बाबाचा चेला!

तोतारामचं डोकं सणकलं. अंधारातच त्यानं बाबाची दाढी मुठीत धरली.

"कोणी हलू नका!" तो ओरडला. "बाबा स्वतः पाताळात चाललेत!"

मागच्या दारानं त्याला फरफटत अंगणात काढलं आणि दार लावून घेतलं. तिथं जाणारा आंधळा होतो, अशी बाबाची धमकी होती. झिपरू उन्हात धोतर सावरत उभा होता. तो कुंपणावरून पळाला. त्याच्या जागी तोतारामनं बाबाला उभं केलं.

आत भिंतीवर खुद्द पाताळबाबा उलटा लटकला, दाढी तोतारामच्या मुठीत! आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी वखार बाहेर धावली.

"हे बघा," तोतारामनं भिंतीतल्या भोकातलं भिंग उपटलं. "उन्हातल्या माणसाचा उजेड यातून आत जातो. डोक्याकडचा खाली पडतो, पायाकडचा वर. दार लावून तुमची म्हैस इथं बांधा, तीही उलटी दिसेल!"

"चुकलो, सोडा," बाबा रडायला लागला.

"जाऊ द्या, भाऊ, साधू माणूस शे," कोणी म्हातारा म्हणाला.

"फौजदार येईपर्यंत नाही सोडणार! माझ्या बहिणीला उपाशी मारत होता हा!" तोताराम लोकांकडे वळला. "डोळ्यांना दिसलं म्हणून लगेच हात जोडू नका रे. कुठून दिसतं ते बघा. जिथं जायची बंदी असेल, तिथं आधी जा!"

भिकुबाई भिंतीला धरत पुढे आली.

"मन्हा धनी टांगेल नही ना, भाऊ?"

"नाही, अक्का. कधीच नव्हता."

तिथंच बाबासमोर ती बसली. कोणीतरी आणलेली भाकरी तिनं ताकात कुस्करली, सावकाश खाल्ली, आणि रिकामी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"फौजदार येवालोंग याले खावाले काहीच देऊ नका," ती म्हणाली.